चाचण्यांची चाचणी : काविळीचे विषाणू ओळखताना

बडोद्याच्या उत्तरेला सुमारे एकशेदहा किलोमीटरवर अहमदाबाद आहे आणि त्याच्याही पुढे, अरवलीच्या बाजूला, मोडासा हे गाव आहे. यकृतदाहाच्या विषाणूंविषयी भारतात जे ज्ञान गोळा झाले, त्यातील दोन महत्त्वाची प्रकरणे या दोन ठिकाणांशी निगडित आहेत : एक, १९७५-७६ मध्ये अहमदाबादेत पाण्यावाटे पसरलेली काविळीची साथ, आणि दुसरे, २००९ च्या आरंभी मोडासा परिसरात इंजेक्शनच्या सिरिंजांवाटे पसरलेला हिपॅटायटिस बी. दोन्ही साथींतील रुग्णांचे डोळे सारखेच पिवळे झाले होते, लघवीचा रंग सारखाच गडद झाला होता आणि अन्नावरची वासनाही सारखीच उडाली होती. तरीही एका साथीचे मूळ नळाच्या पाण्यात होते आणि दुसरीचे दवाखान्यात. हा फरक रुग्णाकडे पाहून कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो, आणि या दोन्ही साथींच्या बाबतीत तो कळण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा वाटा होता.

यकृतदाह, म्हणजे यकृताला येणारी सूज, घडवून आणणारे मुख्य विषाणू पाच असून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे दूषित पाणी व अन्न यांतून तोंडावाटे शरीरात शिरतात. बी, सी आणि डी हे रक्त, सुया, शरीरसंबंध किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला असे पसरतात, आणि त्यातही डी हा विषाणू बीच्या आधारावाचून वाढूच शकत नाही. नावे एका माळेतली असली, तरी हे विषाणू एकमेकांचे नातलग नाहीत. त्यांची कुळे वेगळी, रचना वेगळी आणि शरीरात राहण्याची रीतही वेगळी आहे. म्हणून ‘प्रकार कोणता’ हा प्रश्न तीन पायऱ्यांनी विचारावा लागतो. पाचांपैकी विषाणू कोणता, हे आधी ठरवायचे. मग त्याचा जनुकप्रकार कोणता, म्हणजे एकाच विषाणूच्या जगभर विखुरलेल्या शाखांपैकी ही शाखा कोणती, हे पाहायचे. आणि शेवटी त्या शाखेतही एखादे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील अक्षरबदल, झाला आहे का ते शोधायचे. या तिन्ही पायऱ्यांवर उत्तर देणारी चाचणी कोणत्या देशातील नमुन्यांवर घडवली आणि पारखली गेली यावर तिचे खरेखोटेपण बरेच अवलंबून असते, ही गोष्ट किटच्या वेष्टनावर सहसा लिहिलेली नसते.

पहिल्या पायरीचे सर्वोत्तम उदाहरण अहमदाबादेचेच आहे, परंतु त्याची कथा दिल्लीपासून सुरू होते. १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पुरानंतर दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या काळी पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आज ज्याला हिपॅटायटिस ए म्हणतात तीच, असे सर्वत्र मानले जात होते, आणि दिल्लीची साथ कित्येक वर्षे वैद्यकीय पुस्तकांत ए प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणून दिली जात होती. वास्तविक शंकेला जागा होती. भारतात ए विषाणूची बाधा बहुतेकांना बालपणीच, न कळत, होऊन जात असे आणि त्यामुळे आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळत असे. मग दिल्लीत प्रौढ माणसे एवढ्या मोठ्या संख्येने का आजारी पडली, आणि गरोदर स्त्रियांवरच आजार एवढा का उलटला? परंतु शंका असणे वेगळे आणि ती पडताळण्याचे साधन हाती असणे वेगळे. ए विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला तो १९७३ मध्ये, आणि त्याची ताजी बाधा ओळखणाऱ्या रक्तचाचण्या त्यानंतर आल्या.

या चाचण्या उपलब्ध होताच अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल यांचा गट आणि पुण्यातील एम. ए. श्रीनिवासन, खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी यांनी दिल्लीच्या १९५५-५६, अहमदाबादच्या १९७५-७६ आणि पुण्याच्या १९७८-७९ या साथींतील रक्तद्रवाचे नमुने तपासले. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : या साथी ए विषाणूच्या नव्हत्या आणि बी विषाणूच्याही नव्हत्या. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यातील साथीवरून महंमद सुलतान खुरू यांनी स्वतंत्रपणे असेच अनुमान मांडले. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला अर्क स्वतः प्राशन करून नवा विषाणू दाखवून दिला, आणि १९९० मध्ये त्याची जनुके हाती आल्यावर त्याला ई हे अक्षर मिळाले. पंचवीस वर्षे शीतकपाटात जपून ठेवलेल्या नमुन्यांनी एका प्रस्थापित निदानाला खोटे ठरवले, हे या प्रकरणाचे खरे मोल आहे. नमुने साठवण्याची शिस्त नसती, तर चाचण्या कितीही चांगल्या आल्या असत्या तरी त्यांना तपासायला काही उरले नसते. आजही आपल्याकडील अनेक साथींत नळदुरुस्ती झाली, बातमी विरली की नमुनेही नष्ट होतात, ही खेदाची बाब आहे.

आता दुसरी पायरी, जनुकप्रकाराची. ई विषाणूचे माणसाला बाधणारे मुख्य जनुकप्रकार चार आहेत. पहिला व दुसरा प्रामुख्याने माणसांत फिरतात आणि पाण्यावाटे साथी घडवतात. तिसरा व चौथा डुकरांसारख्या प्राण्यांतून माणसांत येतात आणि युरोप, जपान, चीन येथे अधिक आढळतात. पुण्यातील विद्या अरणकल्ले यांच्या गटाने १९७६ पासूनच्या भारतीय विषाणूंचे जनुकीय क्रमवाचन केले, म्हणजे जनुकातील अक्षरे क्रमाने वाचली, तेव्हा ते सारे पहिल्या प्रकाराचे निघाले. उलट २००२ मध्ये त्यांनीच भारतीय डुकरांत चौथा प्रकार असल्याचे दाखवले. माणसांत एक शाखा आणि डुकरांत दुसरी, असा हा सरळ विभाग जनुके वाचल्याशिवाय कळला नसता, आणि तो कळला नसता तर युरोपाच्या अनुभवावरून भारतातही साथीचा दोष डुकरांवर टाकण्याचा मोह झाला असता.

या विषाणूच्या रक्तचाचण्यांच्या आरंभीच्या इतिहासात बढाई मारण्यासारखे फारसे नाही. रक्तचाचणी बहुधा प्रतिपिंडे शोधते. प्रतिपिंड म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रथिन, आणि त्यातील आयजीएम हा वर्ग ताज्या बाधेची, तर आयजीजी हा वर्ग जुन्या बाधेची खूण मानला जातो. प्रतिपिंड पकडण्यासाठी किटमध्ये विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा गळासारखा वापरलेला असतो, आणि सुरुवातीच्या किटांत हे तुकडे ब्रह्मदेशातील व मेक्सिकोतील विषाणूंवरून घेतलेले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत बारा वेगवेगळ्या चाचण्या नमुन्यांच्या एकाच संचावर चालवल्या गेल्या, तेव्हा ज्यांना बाधा झाल्याचे आधीच ठाऊक होते अशांना ओळखण्याची त्यांची क्षमता १७ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेली आढळली. म्हणजे एकाच रुग्णाचे रक्त दोन प्रयोगशाळांत गेले असते, तर एकीने हिपॅटायटिस ई सांगितला असता आणि दुसरीने नाकारला असता. तुकडा विषाणूच्या कोणत्या भागातून आणि कोणत्या शाखेतून घेतला यावर हा फरक अवलंबून होता. नंतरच्या किटांनी ही दरी पुष्कळ भरून काढली आहे, पण पूर्णपणे नाही.

मोडाशाचे प्रकरण तिसऱ्या पायरीचे, म्हणजे उत्परिवर्तनाचे आहे. तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात असलेल्या आणि आता अरवली जिल्ह्यात गेलेल्या या भागात २००९ मध्ये हिपॅटायटिस बीचे शेकडो रुग्ण अचानक दिसू लागले. प्रौढ माणसाला झालेला तीव्र हिपॅटायटिस बी सहसा आपोआप बरा होतो आणि मृत्यू विरळ असतात. येथे मात्र मृत्यूंचे प्रमाण असाधारण होते. पुण्याच्या संस्थेच्या तपासात दोन गोष्टी पुढे आल्या : नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांचा वापर, आणि विषाणूच्या जनुकात प्रीकोअर व बेसल कोअर प्रमोटर या दोन ठिकाणी झालेले अक्षरबदल. पहिली गोष्ट लाजिरवाणी असली तरी अनपेक्षित नव्हती. दुसरी मात्र चाचण्यांच्या दृष्टीने फार बोलकी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे.

हिपॅटायटिस बीच्या रुग्णात विषाणू जोमाने वाढतो आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर अनेक वर्षे ‘ई-प्रतिजन’ नावाच्या प्रथिनाची चाचणी करत आले आहेत. प्रतिजन म्हणजे विषाणूचा स्वतःचा, रक्तात सापडणारा अंश. ई-प्रतिजन असेल तर विषाणू सक्रिय आणि रुग्ण फार संसर्गकारक, नसेल तर धोका कमी, असा ढोबळ नियम होता, आणि तो ज्या लोकसंख्यांत घडला तेथे जनुकप्रकार ए मोठ्या प्रमाणावर होता. प्रीकोअर उत्परिवर्तनात १८९६ व्या स्थानावरील एक अक्षर बदलते आणि ई-प्रतिजन तयार करण्याचा आदेश अर्ध्यावरच थांबतो. विषाणू मात्र पूर्वीसारखाच वाढत राहतो. हे अक्षर विषाणूच्या जनुकपट्टीच्या एका वळशात १८५८ व्या अक्षरासमोर येते. जनुकप्रकार ए मध्ये तेथे बहुधा असे अक्षर असते की हा बदल झाल्यास वळसा सैल पडतो आणि विषाणूचेच नुकसान होते, म्हणून त्यात हा बदल क्वचित टिकतो. जनुकप्रकार डी मध्ये मात्र समोरचे अक्षर असे असते की बदलाने जोडी अधिकच घट्ट बसते. भूमध्य सागराचा परिसर, पश्चिम आशिया आणि भारताचा मोठा भाग हा जनुकप्रकार डीचा प्रदेश आहे. त्यामुळे एका प्रदेशात विश्वासार्ह ठरलेली खूण दुसऱ्या प्रदेशात फसवी ठरू शकते : अहवालात ई-प्रतिजन ‘निगेटिव्ह’ आणि रक्तात विषाणू मात्र मुबलक. अशा ठिकाणी विषाणूचा डीएनए प्रत्यक्ष मोजणारी पीसीआर चाचणी केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

हिपॅटायटिस बीच्या अतिगंभीर रुग्णांच्या बाबतीत आणखी एक बारकावा लागू पडतो. यकृत झपाट्याने निकामी होत असताना शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूवर इतक्या जोराने तुटून पडते की सर्वांत परिचित असलेली एचबीएसएजी ही चाचणी, जी विषाणूच्या वरच्या आवरणातील प्रतिजन शोधते, काही वेळा नकारार्थी येऊ शकते. तेव्हा विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे आयजीएम प्रतिपिंड शोधावे लागते. तेच ही बाधा नवी आहे की जुन्या वाहकाचा आजार उफाळला आहे हे सांगण्यासही साहाय्य करते. साथीच्या गडबडीत केवळ रॅपिड किटवर विसंबणारे केंद्र सर्वांत गंभीर रुग्णच हुकवण्याची शक्यता असते.

हिपॅटायटिस बीचे जनुकप्रकार ए पासून एच पर्यंत आठ आहेत, आणि त्यापुढे आय व जे हेही नोंदले गेले आहेत; संपूर्ण जनुकपट्टीत आठ टक्क्यांहून अधिक फरक असला की वेगळा जनुकप्रकार मानायचा, हा संकेत १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी घातला. भारतात डी प्रमुख, ए त्याखालोखाल आणि पूर्व व ईशान्य भागात सी, असे साधारण चित्र आहे. हिपॅटायटिस सीचा नकाशा याहून गुंतागुंतीचा आहे. १९८९ मध्ये सापडलेल्या या विषाणूच्या जनुकप्रकारांत एकमेकांपासून सुमारे तीस टक्के फरक असतो. पहिला प्रकार अमेरिका-युरोपात, तिसरा भारतीय उपखंडात, चौथा इजिप्तमध्ये, पाचवा दक्षिण आफ्रिकेत आणि सहावा आग्नेय आशियात प्रामुख्याने आढळतो.

येथेच चाचणी तयार करणाऱ्यांपुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. विषाणू आहे की नाही एवढेच शोधायचे असेल, तर जनुकपट्टीचा सर्वांत स्थिर, कोणत्याही प्रकारात न बदलणारा भाग निवडणे उत्तम, कारण तेथे कोणताही प्रकार निसटत नाही. परंतु प्रकार कोणता हे ठरवायचे असेल, तर तोच भाग सर्वांत निरुपयोगी, कारण जे बदलत नाही त्यावरून भेद कसा करणार? नव्वदच्या दशकात वापरात आलेल्या पट्टीवरच्या जनुकप्रकार चाचण्या या स्थिर भागावरच आधारलेल्या होत्या. त्या जेथे घडल्या त्या युरोपात बहुतेकदा बरोबर उत्तर देत. आग्नेय आशियात मात्र सहाव्या प्रकाराच्या अनेक विषाणूंना त्यांनी पहिला प्रकार म्हणून नोंदवले, कारण त्या भागात दोघांचा क्रम जवळजवळ सारखा होता. पुढील आवृत्तीत गाभ्याच्या जनुकातील भाग जोडल्यावर ही चूक बरीच कमी झाली. ही चूक कागदापुरती नव्हती. त्या काळी इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन यांचा उपचार पहिल्या प्रकारासाठी ४८ आठवडे आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांसाठी २४ आठवडे दिला जाई. औषध महाग होते, त्रासही फार होता, आणि चुकीच्या अंकावरून माणसाचे अर्धे वर्ष जात असे.

चाचणी पारखण्याचे दोन मूलभूत निकष आहेत. बाधा असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणी बरोबर पकडते ती तिची संवेदनशीलता, आणि बाधा नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते ती तिची विशिष्टता. हे आकडे किटवर छापलेले असतात. पण रुग्णाला हवे असते ते तिसरेच उत्तर : ‘पॉझिटिव्ह’ आलेला अहवाल खरा असण्याची शक्यता किती? हे उत्तर प्रदेशागणिक बदलते. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात एचबीएसएजी सुमारे ०.९५ टक्के आणि सी विषाणूची प्रतिपिंडे सुमारे ०.३२ टक्के लोकांत आढळतात. दोन्ही निकषांवर ९९ टक्के गुण मिळवणारी सी विषाणूची चाचणी दहा हजार सामान्य नागरिकांवर केली, तर बाधित ३२ जणांपैकी जवळजवळ सर्व सापडतील, परंतु निरोगी ९,९६८ जणांपैकीही सुमारे शंभर जण ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. म्हणजे दर चार सकारात्मक अहवालांपैकी तीन खोटे असतील. हीच चाचणी, हेच किट, चार टक्के बाधा असलेल्या वस्तीत वापरले, तर पाचांपैकी चार अहवाल खरे ठरतील. म्हणून बडोद्यासारख्या शहरातील आरोग्यतपासणी शिबिरात आलेल्या अहवालाला आणि पंजाबातील अतिबाधित तालुक्यातील अहवालाला एकच अर्थ लावणे चूक आहे.

मग चाचणीचे मूल्यमापन करायचे कसे? त्याच प्रदेशातील, सर्व स्थानिक जनुकप्रकारांचे, तीव्र-जुनाट, सौम्य-गंभीर अशा सर्व अवस्थांचे नमुने एकत्र करून त्यांचा संच बनवायचा. त्यांचे खरे उत्तर क्रमवाचनाने आधीच ठरवून ठेवायचे. आणि तपासणाऱ्याला ते न सांगता प्रत्येक किट चालवून पाहायचे. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या मापनासाठी प्रमाण-नमुने ठरवून दिले आहेत, परंतु असा प्रमाण-नमुनाही एका विशिष्ट जनुकप्रकाराचाच असतो. बी विषाणूच्या डीएनएचा पहिला प्रमाण-नमुना जनुकप्रकार ए चा होता. भारतात एचआयव्ही, बी आणि सी यांच्या किटांची पारख नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थेत होते. हे योग्यच आहे, पण एका ठिकाणची पारख पुरेशी नाही. गुजरातच्या मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि अनेक किटांवर साठवणीची मर्यादा ३० अंश सेल्सिअस एवढीच लिहिलेली असते. वातानुकूलित प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले किट छोटा उदेपूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात दोन महिने पडून राहिल्यावर तसेच वागते का, हे तेथेच तपासून पाहायला हवे.

बडोद्याला ही चर्चा परकी नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८९२ च्या सुमारास, अजवा सरोवराचे पाणी नळांनी शहरात आले आणि आजही अजवा व मही नदीकाठच्या फ्रेंच विहिरी शहराला पाणी पुरवतात. परंतु ऑगस्ट २०२४ प्रमाणे शहरातील विश्वामित्री नदी पात्र सोडते तेव्हा सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांतील अंतर कमी होते. नगरांतील सुखवस्तू मुलांना आता ए विषाणूची बाधा बालपणी होत नाही, म्हणून ती मोठेपणी होऊ लागली आहे. त्यामुळे पूर्वी भारतीय प्रौढाची पाण्यातून आलेली कावीळ बहुधा ई प्रकाराची असे समजणे ठीक होते, आता दोन्हींची चाचणी केल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर हा विलंब परवडणारा नाही, कारण गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेल्याची नोंद आहे.

सर्व जनुकप्रकारांवर चालणारी नवी औषधे आल्यामुळे हिपॅटायटिस सीच्या बहुतेक रुग्णांचा जनुकप्रकार पाहण्याची आवश्यकता आता उरलेली नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. मात्र यावरून जनुकप्रकारांचा अभ्यासच गुंडाळावा असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सी विषाणूचा आठवा जनुकप्रकार २०१८ मध्ये नोंदला गेला तो कॅनडात राहणाऱ्या, मूळच्या पंजाबातील चार रुग्णांत. विषाणू भारताचा, पण त्याची ओळख पटली ती परदेशातील संपूर्ण क्रमवाचनामुळे. आपल्या जिल्ह्यांतील नमुने वाचलेच जात नसतील, तर असे आणखी किती विषाणू येथे अनोळखी म्हणून वावरत आहेत हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

वाचकाने यातून एवढे लक्षात ठेवावे की सी विषाणूच्या प्रतिपिंडाचा ‘रिॲक्टिव्ह’ अहवाल म्हणजे आजार नव्हे, कारण काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेला असतो. आरएनए चाचणीनेच बाधा सध्या आहे की नाही ते कळते. एचबीएसएजी सकारात्मक आल्यास डीएनए मोजणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांवर बी आणि सी यांच्या चाचण्या व औषधे विनामूल्य मिळतात.